रुमालाखाली ठरलेला साकव

निपाणीच्या तंबाखू बाजारात आमच्या वेळी भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उकिडवे बसायचे, दलाल मधे बसायचा, दोघांच्या हातांवर खांद्यावरचा रुमाल टाकायचा आणि त्या रुमालाखाली बोटांचं बोलणं सुरू व्हायचं. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन, सगळा पंजा धरला तर पाच. वर तोंडं अगदी कोरी. एकजण पाऊसपाण्याचं बोलायचा, दुसरा म्हशीच्या दुधाचं, आणि खाली बोटं भांडत असायची. शेवटी एकाने दुसऱ्याचा पंजा घट्ट दाबला की सौदा झाला. दलाल रुमाल झटकून उठायचा आणि ‘आयतु’ म्हणायचा. शेतकरी चिकोडीकडचा कानडी असो की आमच्या बाजूचा मराठी, ‘झालं’ म्हणायला बाजारात तो एकच शब्द चालायचा.

त्या दाबलेल्या पंजाला कागद नसे आणि साक्षीदारही नसे. साक्षीदार कुठून असणार? कुणाला दिसू नये म्हणूनच तर रुमाल टाकायचा. तरी पंजा दाबून नंतर नाही म्हणणारा माणूस मी बाजारात कधी पाहिला नाही. एकजण होऊन गेला असं जुने लोक सांगत. त्याच्या हातात पुढं कुणी हातच दिला नाही, आणि तो कोल्हापूरला जाऊन चहाचं दुकान घालून बसला म्हणे.

हे आधी सांगतो, कारण पुढं मी केलेली चूक नाहीतर निव्वळ मूर्खपणाची वाटेल. मूर्खपणाची होतीच. पण तो मूर्खपणा आमच्या बाजारात वाढलेल्या माणसालाच सुचला असता.

मी त्या बाजारात तंबाखूचे बोद पाठीवर वाहून शिरलो. बोद म्हणजे गोणपाटात ठासून भरलेला तंबाखूचा गठ्ठा, चांगल्या दांडग्या माणसाच्या वजनाचा. वाहता वाहता कुठला माल कुठल्या शिवारातला हे नुसत्या वासावरून कळायला लागलं. आज इतक्या वर्षांनी कुणी मूठभर जर्दा नाकाशी धरला तर तो काळ्या रानातला की माळावरचा हे मी अजून सांगेन. नवखा माणूस बाजारात शिरला की पहिल्या वखारीपासून शेवटच्या वखारीपर्यंत शिंकत जायचा आणि आम्ही त्याच्या शिंका मोजून हसायचो. दोन वखारींमधल्या बोळात उन्हाची तिरीप यायची, तिच्यात तंबाखूची पूड सोन्याच्या भुकटीसारखी तरंगायची. तो बोळ आता नाही. असो. वयाच्या एकविसाव्या वर्षी मी स्वतःचा रुमाल खांद्यावर टाकून दलाल झालो, कुणाच्या शिफारशीवाचून झालो, आणि माझ्या गावचा सगळा माल माझ्या हातून विकला जायला लागला.

आमचं गाव निपाणीपासून चार कोसांवर, नदीपलीकडे. उन्हाळ्यात गुडघ्याएवढ्या पाण्यातून गाड्या यायच्या. पावसाळ्यात मात्र गाव तुटायचं. मग गूळ करायची लोखंडी काहील हीच आमची होडी. गुऱ्हाळ बंद झालं की ती मोठी पसरट काहील घाटावर आणून ठेवत, तिच्यात पाच-सहा माणसं बसवत आणि दोन पोहणारे तिला ढकलत पलीकडे नेत. काहिलीला तोंड नाही की शेपूट नाही, ती मधल्या धारेत गरागरा फिरायची. आमच्या गावात नवी सून आली की तिचा पहिला पावसाळा गावाला करमणुकीचा असायचा. पण दरवर्षी नुसतं हसून भागत नव्हतं. तंबाखूची रोपं पलीकडच्या काठावरच्या वाफ्यांतून आणावी लागत, आणि ती नेमकी भर पाण्यात. आम्हाला नदीवर साकव हवा होता. मोठा पूल नको, गाडी जाईल एवढा दगडी साकव. ही मागणी माझ्या आज्याच्या वेळेपासूनची.

अशात सदतीस सालची निवडणूक आली. मत म्हणजे काय हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. जमिनीचा सारा भरणाऱ्यांची नावं यादीत होती. माझं होतं, कारण मी नुकतंच रान घेतलं होतं. माझी थोरली बहीण, आक्का, तिचंही होतं. ती तरुणपणीच विधवा झाली, जमीन तिच्या नावावर होती आणि ती स्वतः औतामागे उभी राहून शेत करत होती. सगळी मिळून चाळीसभर नावं. नदीच्या वरच्या अंगाचं शेजारचं गाव संस्थानच्या हद्दीत, त्यांना मतच नव्हतं. त्यामुळं आमची छाती जरा जास्तच फुगली होती.

उमेदवार बेळगावचे एक वकील होते. गोरे, उंच, खादीची टोपी, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटावं. कानडी वस्तीत गेले की ‘बर्री, बर्री’, म्हणजे ‘या, या’, म्हणून सुरुवात करत, आमच्यात आले की मराठीत देशाचं बोलत. स्वराज्य आलं की अमुक होईल, तमुक होईल. मी चोवीस वर्षांचा होतो. मला ते सगळं खरं वाटलं, अगदी अंगावर काटा येईपर्यंत खरं वाटलं. हे मी लपवत नाही. पण मी दलालही होतो. नुसतं ऐकून घरी जायचं माझ्या रक्तात नव्हतं.

ते बाजारात आले तेव्हा मी त्यांना माझ्या वखारीत बोलावलं. दारातच त्यांना सात शिंका आल्या.

“वकीलसाहेब,” मी म्हणालो, “आमच्या गावात चाळीस मतं हैत. एकगठ्ठा देतो. पण एक काम हाय.”

“बोला ना. आम्ही कामं करायलाच उभे आहोत.”

“नदीवर साकव पाहिजे.”

“होईल की! का नाही होणार? आपलं राज्य आल्यावर...”

“व्हईल नको. हात द्या.”

त्यांना कळेना. मग मी त्यांना समोर बसवलं, बाजाराची रीत सगळी समजावून सांगितली. इथं बोट म्हणजे वर्ष. मी जितकी धरीन तितक्या वर्षांत साकव. पटलं नाही तर तुम्ही तुमची बोटं पुढं करा. आणि पटलं तर पंजा दाबा. पंजा दाबला की इथं माणूस बांधला गेला, मग ब्रह्मदेव आला तरी सुटका नाही. ते मोठ्यानं हसले. “वा! ही तर फार छान पद्धत आहे,” म्हणाले, आणि बाह्या सारून हात पुढं केला. मी रुमाल टाकला.

मी दोन बोटं धरली. ते थांबले. मग त्यांनी माझी तीन धरली. मी पुन्हा दोन. ते तीनवर अडून बसले. वर ते मला विचारत होते, यंदा दव कसं काय आहे, पाला चांगला पिकलाय का. अगदी मुरलेल्या व्यापाऱ्यासारखे! मला त्यांचं कौतुक वाटलं. मी तीनला कबूल झालो आणि त्यांनी माझा पंजा दाबला. चांगला घट्ट दाबला. त्यांच्या हाताचा मऊपणा मला अजून आठवतो. असा हात आमच्या रुमालाखाली कधी आला नव्हता.

“आयतु,” मी म्हणालो.

“आयतु, आयतु!” तेही म्हणाले आणि आठवी शिंक देऊन मोटारीत बसले.

संध्याकाळी मी गावात मारुतीच्या देवळापुढं सगळ्यांना सांगितलं. सौदा झालाय, तीन वर्षांत साकव. गावात शब्द चालायचा तो आप्पांचा. नात्यानं ते माझे लांबचे चुलते, गावातला सगळ्यात चांगला तंबाखू त्यांच्या रानात व्हायचा. ते बराच वेळ चंची चाळवत बसले.

“मत द्यायला सकाळच्यालाच जायाचं म्हनतोस?”

“व्हय. उशीर केला तर गर्दी हुतीया.”

“म्हंजे दवाची सकाळ जानार.”

हे ज्याने तंबाखू केला नाही त्याला कळणार नाही. कापून रानात पसरलेला पाला उन्हात वाळतो तेव्हा हात लावला की चुरा होतो. पहाटेच्या दवानं तो मऊ पडला की तेवढ्या दोन-तीन तासांत गोळा करायचा. एक दवाची सकाळ गेली की पाला आणखी एक दिवस उन्हात. चाळीस घरांनी एक सकाळ सोडायची होती.

“साकवासाठी सोडू की,” मी म्हणालो. “माजा शब्द हाय.”

“तुजा हाय व्हय?” आप्पा म्हणाले. “मग जाऊ.”

त्यांच्या त्या ‘तुजा हाय व्हय’वर मी पुढं किती वर्षं जळलो, काय सांगू.

मताचा दिवस मात्र असा झाला, की तसा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, पुरुषांचे धुतलेले पटके. आक्काने शहापूरच्या विणकरांकडून आणलेलं डाळिंबी लुगडं नेसलं होतं. ते ती फक्त लग्नाकार्याला काढायची. नदीतलं पाणी इतकं थंड आणि निवळ, की बैलांच्या खुरांखालचे गोटे मोजावेत. रानात पाला तसाच पडला होता, त्यावरच्या दवाचा वास येत होता, आणि तरी कुणी मागे वळून बघत नव्हतं. संस्थानी गावची माणसं रस्त्यावर उभी राहून आम्हाला बघत होती.

“आमास्नी न्हाय व्हय रं मत?” एकाने ओरडून विचारलं.

“तुमास्नी राजा हाय की!” आमच्या गाडीतून उत्तर गेलं. “त्यालाच इचारा!”

“राजा मोटार घिऊन जातुया, तुमी गाड्या घिऊन निगालाय. थोर कोन?”

केंद्र होतं नदीअलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत. आत टेबलाशी बसलेल्या कारकुनाने आक्काला नवऱ्याचं नाव विचारलं. तिने यादीकडं बोट केलं. त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “यादीत हाय की, वाचा तुमीच.” “तुम्ही सांगायला पाहिजे, बाई.” “ते व्हते तवा न्हाई घेतलं नाव, आता तुमच्याम्होरं घिऊ?” सगळी शाळा हसली. शेवटी मी नाव सांगितलं. तिची चिठ्ठी पेटीत गेली, मग माझी. चिठ्ठी टाकताना माझा हात थरथरला. रुमालाखाली हजार सौदे केलेला हात! बाहेर आल्यावर मला वाटलं, आज मी मुंबई-दिल्लीच्या कारभाऱ्यांना काहीतरी सांगितलंय आणि त्यांना ते ऐकावंच लागणार.

वकील निवडून आले. आम्ही बाजारात पेढे वाटले.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी दोन माणसं साखळी घेऊन आली, नदीकाठी मोजमाप केलं आणि तांबड्या रंगाच्या आठ खुंट्या ठोकून गेली. गाव रोज खुंट्या बघायला जायचं. आक्का त्या खुंट्यांना कुणाला गाय बांधू देत नव्हती. आषाढात पूर आला आणि आठही खुंट्या वाहून गेल्या. तिसऱ्या पावसाळ्यात आप्पा पलीकडून रोपं आणत होते. काहील मधल्या धारेत फिरली, कलली, आणि त्यांची त्या सालची निम्मी रोपं नदीत गेली. माणसं वाचली. आप्पा ओलेचिंब काठावर आले तेव्हा मी तिथंच उभा होतो. कुणीतरी मागून म्हणालं, “वकिलाच्या साकवावरनं का आनली न्हाईत, आप्पा?”

“अजून तीन वर्सं झाली न्हाईत!” मी ओरडलो. “तीन म्हंजे तीन! सौदा हाय!”

 आप्पा पटका पिळत होते.

त्याच दिवाळीच्या सुमाराला बातमी आली. युरोपात लढाई लागली होती, आणि आमच्या माणसांनी मुंबईतलं मंत्रिमंडळ सोडून दिलं होतं. देशाला न विचारता सरकारने लढाईत ओढलं, म्हणून. कारण बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला पहिल्यांदा आठवली ती नदी. मी दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस मोटार धरून बेळगावला निघालो. संकेश्वरला मोटार थांबली तेव्हा मी चहा घेतला नाही, इतका मी तापलो होतो.

वकील घरी होते. व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं, हार, घोषणा. माझ्या अंगाच्या तंबाखूच्या वासानं त्यांना शिंक आली, आणि मला वाटतं, त्यावरूनच त्यांनी मला ओळखलं.

“या, या! निपाणीचे ना तुम्ही?”

“व्हय. साकवाचं काय झालं?”

“कुठला साकव?”

मी खांद्यावरचा रुमाल काढून दाखवला. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आठवल्याची खूण उमटली, आणि ते हसले.

“अहो, ती गंमत! काय मजा आली होती हो त्या दिवशी.”

“गंमत न्हवती. तुमी पंजा दाबला. तीन वर्सं.”

“हे बघा, एक तर साकव लोकल बोर्डाकडे येतो. दुसरं, आम्ही आता सत्तेवर नाही. आणि तिसरं,” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, “देशापुढे केवढा प्रश्न आहे, आणि तुम्ही साकवाचं काय घेऊन बसलात? असं काही लिहून दिलं होतं का मी?”

गंमत करणारा माणूस तीनवर अडून बसत नाही. हे मी त्यांना सांगितलं. खूप काही सांगितलं. आवाज एवढा चढला, की हार घेऊन आलेली माणसं मला धरायला आली. एकाने मला सरकारचा माणूस म्हटलं. मी त्याच्या हातातला हार ओढून तोडला. मग मला फाटकाबाहेर काढलं. धक्के मारून नाही, पण काढलं.

पुढं ते वकील दोनदा तुरुंगात गेले, तब्येत खराब करून घेतली. त्याबद्दल मी त्यांना कधी नाव ठेवलं नाही, ठेवणारही नाही. पण तुरुंगात गेलेल्या माणसाला दाबलेला पंजा मोडायची मुभा असते, असं मला कुणी सांगू नये.

गावात मी देवळापुढं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, गाव माझ्या बाजूने भडकेल. कुणी भडकलं नाही. एकजण म्हणाला, “वकिलाकडनं कागुद घ्याचा असतुया. त्येंचा धंदाच कागदाचा.” दुसरा म्हणाला, “बोटं धरून साकव? मग पंजा धरून धरान मागायचं हुतं.” सगळे हसले, आणि माझं डोकं फिरलं. तुमच्यासाठी मी भीक मागायला गेलो, तुम्ही काहिलीतच बुडायच्या लायकीचे आहात, तुमच्या पोरांनाही काहीलच मिळणार. असं मी बोललो. आप्पांच्या तोंडावर बोललो.

त्या उन्हाळ्यात आप्पांची गाडी बाजारात आली आणि माझ्या वखारीवरून पुढं गेली, दुसऱ्या दलालाकडं. मागून आणखी गाड्या गेल्या. पुढच्या साली आणखी. चिकोडीकडचा माल माझ्याकडं येत होता, माझं पोट काही अडलं नाही. पण स्वतःच्या गावचा माल ज्याच्या हातात नाही त्या दलालाकडं बाजार कसा बघतो! तोंडावर हसून बोलतात आणि रुमालाखाली बोटं जरा सैल ठेवतात. मला ते लगेच कळायचं. माझा शब्द गावात फुटका ठरला होता, आणि तो फोडला होता बेळगावच्या माणसाने. लढाईच्या वर्षांत तंबाखूवर सरकारचा कर आला, वखारींना सरकारी कुलपं लागली, धंदा कितीदा खाली-वर झाला. तरी ही एकच गोष्ट मी विसरलो नाही.

शेचाळीसची निवडणूक आली तेव्हा मी जाहीर केलं, मी मत देणार नाही, आणि माझ्या घरचंही कुणी देणार नाही. वकील पुन्हा उभे होते. सगळीकडं वारं त्यांचंच होतं, स्वराज्य दाराशी आलं होतं. बाजारात तरुण पोरं माझ्याकडं अशी बघायची, की हा कुठला करंटा.

मताच्या दिवशी सकाळी मी गावात होतो. आक्का ते डाळिंबी लुगडं नेसून बाहेर आली. रंग उतरला होता, काठ मात्र तसाच.

“कुटं निगालीस?”

“मत द्याला.”

“मी सांगितलंय न्हवं? त्या लबाडाला मत?”

“त्याला देतीया का आनि कुनाला, तुला काय ठावं?”

“आक्का, त्यानं मला फसवलं!”

ती ओसरीवर बसून पायातलं जोडवं नीट करत होती. विधवेने जोडवं घालायचं नाही म्हणत, पण ती घालायची. वर न बघता म्हणाली, “तुला फसवलं, खरं हाय. पर बाबा, माजं मत तू त्या रुमालाखाली ठेवलंस, तवा मला इचारलंवतंस?”

“तुमच्याच भल्यासाठी केलं की ते!”

“वकील बी असंच म्हनत आसंल.”

ती निघून गेली.  रागाने की कशाने सांगता येत नाही, पण मी तिच्या मागून निघालो. त्या साली नदीला घोट्याएवढंच पाणी होतं म्हणा. मी पाण्यातून भराभर चालत होतो आणि मनातल्या मनात तिला उत्तरं देत होतो. एकही उत्तर पलीकडच्या काठापर्यंत टिकलं नाही.

शाळेबाहेर चिंचेखाली आप्पा शेंगा फोडत बसले होते. फार थकले होते, दात गेले होते, शेंगदाणे मुठीत चुरून खात होते. सात वर्षांत आम्ही धड बोललो नव्हतो. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“आप्पा, मी चुकलो.”

“कशात?”

“तुमास्नी न इचारता तुमची मतं इकली. चाळीसच्या चाळीस.”

 आप्पांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते, दाण्यांचा चुरा धोतरावर सांडत होता.

“अरं, कसली चाळीस? मी तर वकिलाच्या इरोधात हुबा हुता त्येला दिलंवतं.”

“काय?”

“त्येनं माज्या भावाची कोडतातली केस चालवलीवती, फी न घेता. त्येला न्हाय म्हनू?” त्यांनी बोटावर मोजायला सुरुवात केली. खालच्या आळीची पाच घरं तर जातीच्या उमेदवाराला गेली होती. दोघांना वकिलाच्या मोटारीने धूळ उडवली म्हणून राग होता. कुणाला चिठ्ठीचं कळलंच नव्हतं. मोजत मोजत ते पंधरा-सोळापर्यंत गेले आणि कंटाळून थांबले.

“आनि मला सांगितलं का न्हाईत?”

“तू इचारलंस कवा? तू सांगितलंस.”

“मग दवाची सकाळ कशाला घालवली?”

“मत द्याला. तुज्या सौद्याला न्हाय.”

 मी सात वर्षं त्या वकिलाला लबाड म्हणत होतो, आणि माझी बाजूही रिकामी होती. मी जे विकलं ते माझ्याकडं कधी नव्हतंच.

“मग तुमचा माल?” मी विचारलं. “मी फशिवलं गेलो म्हनून न्हवं का दुसऱ्याकडं नेला?”

“त्येच्यासाठी कोन न्हेतुया? मी काठावर वला हुबा हुतो, आनि तू तीन वर्साचा हिशेब सांगत हुतास. रोपं गेली का म्हनून इचारलं न्हाईस. मग देवळाम्होरं म्हनालास काहिलीत बुडा.” त्यांनी हातातली शेंग फोडली. “साकव न्हाय झाला तर न्हाय झाला. ती गोष्ट कोन धरून बसलंय?”

मी धरून बसलो होतो. 

आतून कुणीतरी माझं नाव पुकारलं, की तुम्ही राहिलात, यायचं तर या. मी दारापर्यंत गेलो. तेच टेबल, तसाच एक कारकून. मला चोविसाव्या वर्षीचा तो थरथरणारा हात आठवला आणि त्याची फार कीव आली, जराशी मायाही आली. मी आत गेलो नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी कुणाला मत द्यायचं हेच मला ठरवता आलं नाही. ज्याने पंजा मोडला त्याला देववेना, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं तर त्याचं मला काही ठाऊक नव्हतं. त्याआधी मी कधी तसा विचारच केला नव्हता.

आक्का बाहेर आली, पदर सारखा केला.

“कुनाला दिलंस?”

तिने माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा विचारलं नाही. ती वारली तोवर तिने ते सांगितलं नाही. समोरच्याच्या पापणीवरून भाव ओळखणारा मी, मला तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात आप्पांच्या गाड्या बाजारात आल्या. निम्मा माल माझ्या वखारीत उतरला, निम्मा पुढं त्या दुसऱ्या दलालाकडं गेला. का, ते मी विचारलं नाही. आप्पांनीही सांगितलं नाही. भाव मात्र मी जीव तोडून काढून दिला.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही तिघं आप्पांच्या गाडीतून परत निघालो. ऊन चढलं होतं, बैल सावकाश चालत होते.

“का रं,” आप्पा म्हणाले, “तू न्हाईच दिलंस?”

“न्हाय.”

“मग आता पुढच्या मतापातूर वकिलाबद्दल तोंड उघडायचं न्हाय.”

“का म्हनून?” मी उसळलो. “त्येनं तीन बोटं धरलीवती, आप्पा! तीन! गंमत करनारा मानूस...”

“तीनवर अडत न्हाय,” आक्काने वाक्य पुरं केलं. ती आणि आप्पा एकमेकांकडं बघून हसायला लागले. मी थांबलो नाही. नदी येईपर्यंत बोलत होतो, आणि ते दोघं हसत होते.